आधी उतरवा, मग बांधा : घरदुरुस्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात जुनं सामान वापरून घर दुरुस्त करण्याबद्दलची पत्रं जास्त आहेत. चारकोपचं पत्र सगळ्यांत सविस्तर आणि त्यातला पेचही सगळ्यांत मोठा, म्हणून त्याच्या उत्तराला जागा जास्त दिली आहे. पत्रं थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. चारकोपला म्हाडाच्या योजनेतलं आमचं रो-हाऊस आहे, प्लॉट ४० चौरस मीटरचा. घर वडिलांनी बांधलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. खाली दोन खोल्या, वर पत्र्याचा माळा. आता वर एक पक्की खोली काढायची आहे आणि मागच्या मोकळ्या पट्ट्यात स्वयंपाकघर चारेक फूट वाढवायचं आहे. मुलीचा आग्रह आहे की जुनं, पुन्हा वापरता येईल असं सामान घ्यायचं. काँट्रॅक्टर म्हणतो, ‘जुन्याच्या भानगडीत पडू नका, सगळं पाडून स्लॅब टाकू.’ कोणाचं ऐकू?
— एक वाचक, कांदिवली पश्चिम

उत्तर : मुलीचं ऐका, आणि मुलीने स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ऐकावं.

काँट्रॅक्टर सांगतोय ते त्याच्या सोयीचं आहे. पाडकामाची टोळी येते, घण घालते, दोन दिवसांत घराचं डेब्रिज होतं आणि ट्रक निघून जातो. त्या ट्रकमध्ये तुमच्या वडिलांनी निवडून घेतलेल्या चौकटी, खिडक्यांच्या झडपा, ओट्याचा कडप्पा, पायऱ्यांची शहाबादी हे सगळं जातं. जुन्या घरांची दुरुस्ती हेच माझं आयुष्यभराचं काम, आणि माझं ठाम मत आहे की सगळ्यांत चांगलं जुनं सामान बाजारात शोधायची गरज नसते. ते तुमच्याच घराला लागलेलं असतं. घर ज्या क्रमाने उभं राहिलं त्याच्या उलट क्रमाने उतरवलं की ते हाती येतं. यासाठी आठवडाभर जास्त लागेल, पण तेवढा द्या.

पण त्याआधी कागद. म्हाडाच्या वसाहतीत वरचा मजला किंवा मागची वाढ म्हणजे नवं बांधकाम. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि परवानाधारक आर्किटेक्टमार्फत म्हाडाची बांधकाम परवानगी या दोन्हींशिवाय एक वीटही लावू नका. गिलावा, रंग, फरशी, दारं-खिडक्या बदलणं ही किरकोळ दुरुस्ती झाली. खोली काढणं ही दुरुस्ती नव्हे, मग शेजारच्या गल्लीत कोणी काहीही केलेलं असो.

आता पाया. चारकोप-गोराईची ही वसाहत १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आखली गेली. प्लॉट, रस्ता, पाणी, गटार म्हाडाने द्यायचं आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं, अशी ती योजना. त्यामुळे तुमचा पाया किती खोल आहे हे शेजाऱ्याच्या पायावरून कळणार नाही. शिवाय तो सगळा भाग खाडीलगतचा, जमीन बऱ्याच ठिकाणी मऊ. घराच्या दोन कोपऱ्यांत पायापर्यंत खड्डे घेऊन इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा. खड्डा न पाहता ‘चालेल हो’ म्हणणाऱ्या इंजिनिअरकडून नकाशा करून घेऊ नका.

सगळा खेळ वजनाचा आहे. पाच इंची आरसीसी स्लॅब चौरस फुटाला साधारण २९ किलो भरतो. त्यावर गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी अडवायचा विटांच्या तुकड्यांचा थर, टाकला की आणखी पंधरा-वीस किलो. याउलट सागवानी वासे आणि एक इंची फळ्यांची तक्तपोशी चौरस फुटाला तीन-चार किलोंत बसते. मंगलोरी कौलांचं छप्पर, लाकडी सांगाडा सोडून, सुक्या वजनात चौरस फुटाला चारेक किलो. भिंतींचंही तसंच. एक घनमीटर वीटकाम १,९०० किलोंच्या घरात, तर राखेपासून केलेले एएसी ब्लॉक, ज्यांना आपले गवंडी सरसकट सायपोरेक्स म्हणतात, ते ६०० किलोंच्या आसपास. जुन्या पायावर वरची खोली काढायची तर हलकं बांधणं हाच मार्ग, आणि हलकं बांधायचं म्हटलं की जुनं लाकूड आणि जुनी कौलं आपोआप कामाची ठरतात. मुलीचा आग्रह हौसेचा वाटत असेल तर तिच्याकडे हे आकडे द्या. ती तुमच्या काँट्रॅक्टरला पटवेल.

ब्लॉकचं एक सांगून ठेवते. ते पाणी पितात. नैर्ऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर थेट येतो तिथे बाहेरून दोन हातांचा चांगला गिलावा आणि वर दीड-दोन फुटांचा छज्जा हवाच.

सामायिक भिंतीला हात लावू नका. त्यात खाच पाडून तुळई बसवणं ही रो-हाऊसमधली सगळ्यांत सर्रास चाललेली आणि सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे. ती भिंत अर्धी शेजाऱ्याची आहे. उद्या त्यांनीही पलीकडून त्याच उंचीवर खाच घेतली तर मधे काय उरेल? तुमच्या हद्दीत, भिंतीला चिकटून पण भिंतीपासून सुटे, लोखंडी खांब उभे करा. त्यांना स्वतंत्र पाया द्या आणि वरच्या मजल्याचा भार त्यांच्यावरच घ्या. हे खांब आणि मुख्य तुळया नव्या लोखंडाच्या असू द्यात. दारूखान्याच्या भंगार बाजारात जुने आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी ‘I’ आकाराचे गर्डर, चांगले मिळतात, सरळ असतात, कधीकधी नव्यापेक्षा जाडही. पण त्या पोलादाचं कूळ-मूळ कोणाला ठाऊक नसतं. जुन्या गर्डरमधल्या काहींना वेल्डिंग मानवत नाही, जोडाशी ते ठिसूळ होतात. वापरायचेच तर गंज खरवडून कॅलिपरने जाडी मोजा, जोड नट-बोल्टचे ठेवा आणि इंजिनिअरची सही घ्या. स्लॅबमधून निघालेल्या जुन्या सळया सरळ करून पुन्हा काँक्रीटमध्ये घालू देऊ नका. तशी सळई भंगारातच गेली पाहिजे. ती वितळून नवी होते, तेही पुनर्वापरच आहे.

मागच्या चार फुटांबद्दल मी जरा भांडणार आहे. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या घराला उजेड आणि वारा फक्त पुढून आणि मागून येतो. मागचा पट्टा छपराखाली घेतलात की स्वयंपाकघर मोठं होईल, पण मधली खोली दिवसाही दिवा लावल्याशिवाय वापरता येणार नाही. नियमात बसत असेल तर चारऐवजी दोन-अडीच फूट घ्या आणि त्या उतरत्या छपरात जागोजागी काचेची कौलं बसवा. आकार मातीच्या कौलासारखाच असल्यामुळे ती ओळीत नीट बसतात. जिना मधल्या खोलीतून काढा, त्याच्या डोक्यावर कौलांत झरोका ठेवा. गरम हवा जिन्यातून वर जाऊन बाहेर पडेल आणि पुढच्या दारातून वारा आत ओढला जाईल. ओट्याची लांबी वाढवण्यापेक्षा याने घरात जास्त फरक पडेल. जिन्याखालची जागा भांड्यांना द्या.

आता लाकूड. मुंबईत जुनं सागवान अजून मिळतं याला इतिहास आहे. ब्रह्मदेशातल्या सागवानाचा व्यापार करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये स्थापन झाली, आणि पुढे कित्येक दशकं तिकडचं सागवान इथे येत राहिलं. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींच्या तुळया, जिने, गॅलऱ्यांचे कठडे त्या लाकडाचे. या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की ते वखारींत येतं. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, रे रोडच्या बाजूला, कुर्ल्यात विचारा. कड्या, कोयंडे, पितळी बिजागऱ्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मिळतील. आणि जे विकलं जात नाही ते कुठे जातं हेही माहीत असू द्या. मुंबईच्या पावाच्या भट्ट्यांत वर्षानुवर्षं हेच मोडीचं लाकूड जळत आलं, रंगासकट. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, तो धुरासाठी. मला त्या धुराइतकंच त्या लाकडाचंही वाईट वाटतं. दीडशे वर्षांच्या झाडाचं लाकूड, शंभर वर्षं छप्पर पेललेलं, एका सकाळच्या पावासाठी जाळायचं!

वखारीत गेलात की वरून काळं पडलेलं लाकूड पाहून नाक मुरडू नका, पॉलिश मारून चकचकीत केलेल्याला भुलूही नका. सुतार बरोबर न्या. त्याला पटाशीने कोपऱ्यातून एक सालपट काढायला सांगा. आत सोनेरी-तपकिरी रंग, बोटांना किंचित तेलकट आणि चामड्यासारखा वास आला तर सागवान. सालपट चुरून पिठासारखं झालं तर आतून गेलेलं आहे. टोच्या घेऊन दोन्ही टोकांत दाबून बघा, कारण टोकं भिंतीत असतात आणि ओल तिथूनच लागते. मधे ठणठणीत असलेली तुळई टोकाला फूट-दीड फूट कुजलेली निघते. तेवढं कापून टाकता येतं, फक्त लांबी त्या हिशेबाने घ्यायची. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्याखाली ताजी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे, तो नग सोडा. भोकं जुनी, भुकटी नाही, तर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा पाजून वापरता येईल. सुकलेला सागवानाचा घनफूट साधारण १८ ते २० किलो भरतो. फारच जड लागला तर ते ऐन किंवा किंजळ असण्याची शक्यता आहे. तीही लाकडं चांगली, पण सागवानाच्या भावाने घेऊ नका.

आरा गिरणीत नेण्याआधी सगळे खिळे निघाले पाहिजेत. हातात धरायचं साधं मेटल डिटेक्टर मिळतं, ते फिरवून घ्या. आत तुटलेला एक खिळा करवतीचं पातं खातो आणि कधी माणसाचा हातही. चिरून झाल्यावर फळ्या मधे पट्ट्या घालून तुमच्या घरातच दोन-तीन आठवडे रचून ठेवा, मग रंधा मारा. घाईने ठोकलेली फळी पहिल्याच पावसाळ्यात फुगते.

दारांवरच्या जुन्या रंगाबद्दल मात्र कडक राहा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं पॉलिशपेपर मारलं की ती भुकटी घरभर उडते, आणि तिचा सगळ्यांत जास्त त्रास लहान मुलांना होतो. रंग ओल्या पॉलिशपेपरने किंवा रंग काढायच्या जेलीने काढा, घराबाहेर, मास्क लावून, आणि निघालेला लगदा पिशवीत बांधा.

उतरवायचा क्रम असा. आधी दारं-खिडक्यांच्या झडपा बिजागऱ्यांतून सोडवून घ्या, प्रत्येकीवर खडूने जागा लिहा. मग वायरिंग आणि नळ. मग पत्रे, त्याखालचे वासे. मग चौकटी, भोवतीचा गिलावा छिन्नीने मोकळा करून. पहार घालून उपटल्या तर सांधे फाटतात. मग ओट्याचा कडप्पा, शेवटी फरशी आणि विटा. विटांचं भवितव्य सांध्यावर आहे. चुन्यातली वीट हलक्या हाताने ठोकली की सुटी होते. सिमेंटमधली वीट सिमेंटच्या आधी स्वतः फुटते, त्यामुळे तुमच्या घरातून आख्ख्या विटा फार निघणार नाहीत. ज्या निघतील त्यातल्या दोन एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजल्या तर ठेवा, बद्द वाजल्या तर तुकड्यांत टाका. शंका असेल तर कोरडी वजन करून दिवसभर पाण्यात बुडवा. पाचव्या हिश्श्याहून जास्त वजन वाढलं तर ती बाहेरच्या भिंतीला नको. जुन्या विटा आतल्या पडदीला, कट्ट्याला वापरा. भार घेणाऱ्या भिंतीला नको.

पैशांचं खरं सांगते. जुनं सागवान नव्या चांगल्या सागवानापेक्षा स्वस्त पडतं, पण फ्लश डोअर आणि ॲल्युमिनियमच्या खिडकीपेक्षा महागच. करवतीत आणि रंध्यात बरीच घट जाते, सुताराचे दिवस वाढतात. वाचतं ते तुमच्या स्वतःच्या घरातलं सामान पुन्हा लावल्याने. म्हणून आधी घरातल्या प्रत्येक दाराचं, फरशीचं, वाशाचं माप घेऊन यादी करा आणि आर्किटेक्टला नकाशा त्या यादीवरून काढायला सांगा. नकाशा आधी आणि सामान नंतर असं केलं की तुमची साडेसहा फुटी चौकट सात फुटी दारासाठी बाद होते.

प्रश्न : वेसाव्याच्या कोळीवाड्यात आमचं आजोबांच्या काळचं घर आहे, दोन्ही बाजूंनी घरं लागून. भिंती विटा-चुन्याच्या. काही वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा करून प्लास्टिक पेंट लावला. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर कंबरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा फुगतो, पांढरं मीठ येतं, पोपडे पडतात. केमिकल वॉटरप्रूफिंगवाल्याने बरंच मोठं एस्टिमेट दिलंय. करून घ्यावं का?
— एक वाचक, अंधेरी पश्चिम

उत्तर : नका करू. ओल अडवायचा आणखी एक थर देऊन ती ओल आणखी वर चढेल, एवढंच होईल.

जुन्या भिंतीला जमिनीतून ओल लागते आणि ती चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सुकते. वेसाव्यासारख्या समुद्राकाठी त्या ओलीत क्षार भरपूर, आणि बांधकामाची रेती खाडीची असेल तर भिंतीत ते मुळातच आहेत. वरून सिमेंट आणि प्लास्टिक पेंट लावला की पाण्याची वाट बंद होते. क्षार गिलाव्याच्या मागे सुकतात, त्यांचे खडे होतात, ते फुगून गिलावा ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

दिवाळीनंतर काम काढा. आधी शेजारच्या मोरीचा नळ किंवा गटार त्या भिंतीला गळत नाही ना हे त्यांच्या घरात जाऊन बघा, गळत असेल तर तेवढं आधी. बाहेरच्या बाजूने अंगणातली फरशी किंवा भराव जोत्याच्या वर आला असेल तर तो उतरवा. मग ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, त्याने विटांची तोंडं उडतात. सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडा. क्षार कोरड्या कुंच्याने झाडून सुपलीत घ्या आणि बाहेर टाका. पाण्याने धुतले की परत आत जातात. भिंत महाशिवरात्रीपर्यंत उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पाहुण्यांना सांगून टाका.

गिलाव्यासाठी कळीचा चुना आणून टाकीत विरवा आणि पाण्याखाली निदान पंधरा दिवस ठेवा. जास्त ठेवलात तर अधिक चांगलं. विरताना तो उकळतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि मुलं लांब. पूर्वी चुना बैल जुंपलेल्या घाण्यात मळायचे, आज मॉर्टर मिक्सर चालतो. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग गोडी रेती असं साधारण प्रमाण धरा. ही सुरखी तुमच्याच घरातून निघालेल्या फुटक्या विटा कुटून, चाळून होते, फक्त लोणा लागलेल्या विटा घेऊ नका. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो. भिंत आधी पाण्याने भिजवून पातळ थर द्या, दोन थरांमध्ये काही दिवस जाऊ द्या. त्या काळात ओलं गोणपाट लावून सावली धरा, पंखे लावून सुकवू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कडक होतो, त्याला सिमेंटची घाई चालत नाही. मार्चअखेरपर्यंत काम संपलं तर पावसाआधी गिलावा तयार होतो. वरून चुन्याचाच रंग द्या. प्लास्टिक पेंटचा एक हात दिलात तरी पुन्हा पहिले पाढे.

गवंडी ‘ताकदीसाठी’ म्हणून यात पोतंभर सिमेंट टाकायला बघेल. तिथे उभे राहा.

प्रश्न : दादरला आमच्या जुन्या घराच्या ओसरीत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आहेत. ओसरी मोडून खोली मोठी करतोय. लाद्या काढून नव्या खोलीत लावता येतील का? मिस्त्री म्हणतो ॲसिडने धुतल्या की नव्यासारख्या होतील.
— एक वाचक, दादर

उत्तर : लावता येतील, पण ॲसिडची बाटली आधी घराबाहेर काढा. या लाद्या भाजलेल्या नसतात. पितळी साच्यात रंगीत सिमेंट आणि संगमरवराच्या भुकटीचं मिश्रण ओतून, प्रेसखाली दाबून, पाण्यात पिकवलेल्या असतात. नक्षीचा थर वरचे काही मिलिमीटर, आणि ॲसिड सिमेंटच खातं. मशीनने खोल घासलं तरी नक्षी जाते.

एक लादी कोपऱ्यातली, आधीच तडकलेली, बळी द्या आणि ती फोडून खाली काय आहे ते बघा. चुना-मातीचं अंथरूण असेल तर बाजूने पातळ पहार सरकवून बाकीच्या आख्ख्या निघतील. सिमेंटवर बसवलेल्या असतील तर निम्म्या फुटतील. अशा वेळी मी ओसरीचा तो भाग आहे तिथेच ठेवून नवी खोली त्याभोवती काढायला सांगते. निघालेल्या लाद्या उभ्या रचा, आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. मागचा चुना ओला करून खरवडा, तोंड सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवा, बसवून झाल्यावर मेण चोळा. काही कमी पडल्या तर भारत फ्लोअरिंग टाइल्स ही १९२२ साली मुंबईत सुरू झालेली कंपनी अजून अशा लाद्या करते. नमुना घेऊन जा. पण जुन्या आणि नव्या एकमेकींत मिसळू नका, नव्या कडेच्या पट्टीला लावा.

प्रश्न : आमच्या बैठ्या चाळीतल्या खोलीवरचे जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे काढून मागच्या न्हाणीवर टाकायचे आहेत. चांगले आहेत, फेकायला जीव होत नाही. कापून घेऊ का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : दादा, हे एकच सामान असं आहे की जे मी कोणालाही पुन्हा वापरू देत नाही. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू आहेत. पत्रा शाबूत असताना ते बांधलेले असतात. कापला, भोक पाडलं, फोडला की हवेत येतात. फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत आणि त्यातून होणारा कर्करोग कित्येक वर्षांनी उगवतो. पत्रे पाण्याने भिजवून, हुकचे नट सोडवून आख्खे उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, डेब्रिजच्या ढिगात टाकू नका. घातक कचरा घेणारं केंद्र तळोज्याला आहे. ते तिथे पोचवण्याची जबाबदारी काँट्रॅक्टरच्या करारातच लिहून घ्या. त्या दिवशी चाळीतल्या मुलांना दुसरीकडे पाठवा. न्हाणीवर जुनी मंगलोरी कौलं टाका, लहान छपराला पुरतील इतकी कुठल्याही पाडकामावर मिळतात.

प्रश्न : मुलुंडला जुनं जोडघर दुरुस्त करतोय. विटांचे तुकडे, गिलावा, स्लॅबचा एक भाग असं बरंच डेब्रिज निघणार आहे. ते घरातच जिरवता येईल का, की सगळं पालिकेकडे द्यायचं?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : काही जिरेल. त्यासाठी पहिल्या दिवसापासून तीन ढीग वेगळे ठेवा: वीट, काँक्रीट, आणि बाकीचा गिलावा-माती. एकदा मिसळलं की ते निवडायला कोणी बसत नाही.

पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे गच्चीच्या कोब्याला लागतात, ते विकत कशाला आणायचे? सिमेंटचा चिकटलेला थर ठोकून काढा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि उताराप्रमाणे बसवा. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे उतार चांगला हवा आणि पन्हळाच्या तोंडाशी भोवती गोलाई. कोब्यावर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचा चायना मोझॅक करा. तो ऊन परतवतो, आणि लाद्यांच्या दुकानांमागे असे तुकडे पडलेलेच असतात. फक्त स्लॅबची ताकद आधी तपासून घ्या, कोब्याचं वजन मी वर सांगितलंच आहे.

काँक्रीटचे तुकडे फोडून जोत्यातल्या भरावाला आणि अंगणातल्या फरशीखाली घाला. भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे काँक्रीटपासून केलेली, तपासलेली खडी एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे आणि एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. पण ती प्लांटमध्ये दळून, चाळून, तपासून आलेली हवी. घरी घणाने फोडलेली खडी तुमच्या स्लॅबमध्ये नको.

उरलेली माती-गिलावा गोणींत भरा आणि पालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेला आधी फोन करून ठेवा. एक ट्रक रात्रीचा खाडीत रिकामा करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला नक्की भेटेल, स्वस्तही सांगेल. मुलुंडची खाडी ठाण्याच्या तिवरांना लागून आहे. त्याला परत पाठवा, आणि तुमच्या काँट्रॅक्टरकडून प्रत्येक ट्रकची पोच पावती मागून घ्या.